ताप लपवणारी माणसं

मुलींचं वसतिगृह, घोडबंदर
११ एप्रिल २०२०

ती. अण्णांना नमस्कार,

हे पाकीट बाबाजी आणून देतील. ते घोडबंदर गावातले. आमच्या मेसला भाजीचा टेम्पो तेच आणतात आणि आठवड्यातून दोनदा सिल्व्हर पार्कच्या सोसायट्यांनाही भाजी टाकतात. पाकीट एक दिवस गॅलरीत उन्हात ठेवा आणि मगच उघडा. उत्तर त्यांच्याच हाती द्या.

सान्वीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते, पण तुमच्याशी बोलणं होतच नाही. परवा ती तुमच्या कानाला फोन लावून माझं एकेक वाक्य ओरडून सांगत होती. मला विचारायचं होतं, "अण्णा, तुम्हाला झेपतंय का?" आठ वर्षांच्या मुलीला हे कसं ओरडायला सांगू? म्हणून म्हटलं, लिहावं.

तर, झेपतंय का? खरं सांगा. गाड्या बंद झाल्या त्या दिवशी वसतिगृहात बासष्ट मुली अडकल्या. कोणी रत्नागिरीची, कोणी आसामची, दोघी नेपाळच्या. विद्यापीठाने सांगितलं की जो आत राहील त्याने बाहेर जायचं नाही आणि जो बाहेर जाईल त्याला चौदा दिवस परत घेणार नाही. रेक्टर मी. मी थांबते म्हटलं तेव्हा वाटलं होतं, आठ दिवसांचा प्रश्न आहे. आता तीन आठवडे झाले. सुनेने आपली मुलगी सासऱ्यावर टाकली आणि दुसऱ्यांच्या मुली सांभाळत बसली, असं तुम्ही म्हणणार नाही हे मला माहीत आहे. पण मी स्वतःला रोज म्हणते. नीरजचं जहाज अजून सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभं आहे. कुणालाही उतरू देत नाहीत.

इथलं सगळं ठीक आहे. एका खोलीत एकच मुलगी ठेवलीय. नळांना नंबर दिलेत, ज्याचा त्याने वापरायचा. जेवण चार पंगतींत. सकाळी सातला मी सगळ्यांचा ताप बघते आणि वहीत लिहिते. आमच्या मेसच्या गोदूबाई, बाबाजींची मोठी बहीण, यासुद्धा घरी न जाता इथेच राहिल्यात. त्या म्हणतात, "पोरीना कोन खायला घालील मग?"

तुमची अंबिका

*

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१५ एप्रिल २०२०

चि. अंबिकाला आशीर्वाद,

झेपतंय. तू विचारलंस, बरं वाटलं.

कानाचं मशीन पंधरा दिवसांपूर्वी बंद पडलं आणि दुकान बंद. पण खरी गंमत वेगळीच आहे. मला वाटायचं, मला थोडंफार ऐकू येतं. मास्क आले तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं ऐकत नव्हतो, लोकांचे ओठ वाचत होतो. आता दूधवाला काय म्हणतो, वॉचमन काय म्हणतो, काही कळत नाही. मी नुसती मान हलवतो. परवा अशी मान हलवून दोन लिटर जास्तीचं दूध घेतलं. हंसाबेनने त्याचं दही लावलं.

या समोरच्या हंसाबेन फार आधाराच्या आहेत. सकाळी दारात उभ्या राहून मास्क खाली करतात आणि सहा फुटांवरून हळूहळू बोलतात, "अंकल, कुछ चाहिए?" मी रागावतो, मास्क वर करा म्हणतो. त्या वर करतात, मग मला कळत नाही, मग त्या पुन्हा खाली करतात.

सान्वी पोळ्या लाटायला शिकतेय. आकार विचारू नकोस. रोज दुपारी आम्ही पत्ते खेळतो आणि ती मला फसवून जिंकते. तुझी आठवण आली की ती सांगत नाही, तुझी ओढणी घेऊन बसते. मीही विचारत नाही.

नळांना नंबर ही चांगली कल्पना आहे. क्षयरोग विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं प्रशस्तिपत्र समज.

अण्णा

*

वसतिगृह
४ मे २०२०

ती. अण्णा,

गेल्या आठवड्यात मुख्य गेटवरच्या एका गार्डला लागण झाली. तो बरा आहे, पण वरच्यांचं धाबं दणाणलं. नवा आदेश आलाय. ताप आलेल्या मुलीचं नाव सूचनाफलकावर लावायचं, म्हणजे बाकीच्या सावध राहतील. तिला लगेच मैदानापलीकडच्या पॅव्हेलियनमध्ये हलवायचं. आणि जी ताप लपवेल तिला वसतिगृहातून काढायचं.

मला आदेश कडक वाटला, पण पटला. बासष्ट जणींसाठी एकीची गैरसोय चालेल. मुलींना जमवून मी स्वतः वाचून दाखवला आणि आवाज चढवूनच वाचला.

उपयोग होतोय. तुम्हाला सांगायला आनंद वाटतो की आदेश लागल्यापासून माझ्या वहीत एकही ताप नाही. त्याआधीचे दिवस धरले तर जवळजवळ महिना कोरा गेलाय. कुलसचिवांनी फोनवर शाबासकी दिली.

सान्वीला म्हणावं, काल दाखवलेली पोळी मला श्रीलंकेसारखी दिसली.

अंबिका

*

सिल्व्हर पार्क
८ मे २०२०

चि. अंबिका,

सान्वी म्हणते, ती श्रीलंका नव्हती, बदक होतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू रागावणार नाहीस असं धरून लिहितो. महिनाभर एकही ताप नाही हे वाचून मला बरं वाटलं नाही.

बासष्ट तरुण मुली, मे महिन्याचा उकाडा, घरची काळजी, मेसचं जेवण. एरवी अशा ठिकाणी आठवड्यात दोघींना सर्दी होते, एकीचं पोट बिघडतं, कुणाला पाळीत अंगात कसर येते. तुझ्याकडे तेही काही नाही. वही कोरी आहे म्हणजे ताप नाही असं नसतं, अंबिका. कधी कधी वहीला कोणी काही सांगत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

तो फलक कुठे लावलाय? मेसच्या दारात असेल तर तेवढा तरी हलव.

तू मन लावून करते आहेस हे मला ठाऊक आहे. म्हणून तर सांगतोय. बाकीचं तू बघ.

अण्णा

*

वसतिगृह
१९ मे २०२०

ती. अण्णा,

तुमच्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. आता तुमचं बरोबर ठरलंय आणि त्याने मला अजिबात बरं वाटत नाहीये.

दुसऱ्या वर्षाला रसिका म्हणून मुलगी आहे, गुहागरकडची. शांत, कामसू. मेसमध्ये माणसं कमी म्हणून ती रोज गोदूबाईंच्या शेजारी बसून भाजी चिरायची. तिला चार दिवस ताप होता. पहाटे उठून ती तापाची गोळी घ्यायची आणि सातला माझ्यासमोर हसत उभी राहायची. मी वहीत लिहायचे, ९७.८.

गुरुवारी गोदूबाई चुलीपुढेच खाली बसल्या. दम लागला होता. रिपोर्ट आला, लागण आहे. वय अठ्ठावन्न, त्यात साखर. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मला म्हणाल्या, "डाळ भिजत घातलेली हाय, वाया घालवू नका." त्या आता ऑक्सिजनवर आहेत. मग रसिकाने रडत रडत सगळं सांगितलं. तिचाही रिपोर्ट तसाच आला.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाबाजी काल गेटवर भाजी उतरवत होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ताई, अक्काला लागलं कुनाकडून, कळलं का?"

रसिकाला वसतिगृहातून काढावं अशा शिफारशीचं पत्र मी लिहून ठेवलंय. सोमवारी देणार आहे. ती बरी झाली की तिचे वडील येऊन घेऊन जातील. आदेश सगळ्यांना वाचून दाखवला होता, आता मागे हटले तर उद्या कोण ऐकेल? तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

अंबिका

*

सिल्व्हर पार्क
२२ मे २०२०

चि. अंबिका,

ते पत्र सोमवारी देऊ नकोस. निदान माझं हे वाचून होईपर्यंत थांब.

मी नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला एक खाकी पिशवी मिळायची, वर विभागाचं नाव छापलेलं. त्यात क्षयाच्या गोळ्या घेऊन शिवडीच्या बाजूला घरोघर फिरायचं. एका चाळीत मनोरमा नावाची बाई होती, नवरा शिंपी. थुंकी तपासली होती, रोग पक्का होता. मी गेलो की ती मला जिन्यातच बघायची आणि दार लावून घ्यायची. मी तीन महिने तिच्या नावापुढे 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहीत राहिलो. साहेबांना ते वाक्य आवडायचं.

मग एकदा तिचा नवरा मला रस्त्यात गाठून म्हणाला, "भाऊ, तुमची पिशवी बघितली की बायका तिला नळावर उभी राहू देत नाहीत." ती खोकायची तेव्हा शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबायची. मी दुसऱ्या दिवशी घरची कापडी पिशवी घेतली आणि विमा एजंट म्हणून गेलो. तिने दार उघडलं. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या आणि खडखडीत बरी झाली. पण त्या आधीच्या तीन महिन्यांत तिच्या धाकट्या मुलीला लागण झाली होती. तीही वाचली, पण एक फुफ्फुस कायमचं अधू झालं. ते मनोरमाने केलं असं मला कधी म्हणता आलं नाही. ते तीन महिने पिशवी माझ्या खांद्यावर होती.

रसिका वाईट मुलगी नाही. ती फलकाला भ्यायली. कुणाकडून कुणाला लागलं हे शोधून मी आयुष्यात एकाही माणसाला बरं केलेलं नाही. उद्या दुसऱ्या मुलीला ताप आला तर ती तुझ्याकडे यावी की लपावी, एवढंच बघ.

जास्त लिहीत नाही, हात दुखतो आणि पेनही संपत आलंय. अक्षर वाकडं झालं असेल तर सांभाळून घे. सान्वी मजेत आहे. आम्ही पत्ते सोडून नवा खेळ काढलाय. ती हॉलमध्ये बसते, मी आतल्या खोलीत, आणि दाराखालून एकमेकांना चिठ्ठ्या सरकवतो. तिचं शुद्धलेखन सुधारतंय.

अण्णा

*

वसतिगृह
२६ मे २०२०

ती. अण्णा,

पत्र दिलं नाही. फाडलं.

तुमचं पत्र वाचून मी पॅव्हेलियनच्या खिडकीखाली गेले. रसिका वर जाळीपाशी आली. मी म्हटलं, "रसिका, तू मला ताप का सांगितला नाहीस ते मला कळलं. त्यात माझीही चूक आहे." ती म्हणाली, "मॅडम, माझं नाव बोर्डावर लागलं असतं तर कोणीतरी फोटो काढून गावात पाठवला असता. आमच्या वाडीत बाबांकडून मग कोणी दूध घेतलं नसतं." आणि नंतर हळूच, "गोदूमावशी कशा आहेत?" मी आहे ते सांगितलं.

त्याच दुपारी फलक काढला. कुलसचिवांशी फोनवर तासभर वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर करा." मग मी मुलींना अंगणात लांब लांब बसवलं आणि सांगितलं की ज्या मुलीला बरं वाटत नाही तिने रात्रीपर्यंत माझ्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवायची. तिचं नाव माझ्या आणि डॉक्टरांच्या बाहेर जाणार नाही, आणि कोणालाही काढणार नाही. तुमच्या आणि सान्वीच्या खेळातूनच सुचलं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अकरा चिठ्ठ्या. अकरा, अण्णा. एकीला महिनाभर धड जेवण जात नव्हतं. एकीने नुसतं लिहिलं होतं, 'भीती वाटते.' तपासणीत चौघींना लागण निघाली, सगळ्या सौम्य. आठवडाभर उशीर झाला असता तर किती झाल्या असत्या कोण जाणे.

गोदूबाईंचा ऑक्सिजन कमी केलाय, म्हणजे सुधारतायत.

तुम्ही हल्ली फोनवर दिसत नाही. सान्वी म्हणते, आजोबा झोपलेत. तीन दिवस तेच. उकाड्याने थकवा आला असेल तर लिंबू सरबत घेत जा. पेन पाठवतेय.

अंबिका

*

२८ मे

प्रिय आई,

आजोबांनी मला शपथ घातलीय की आईला फोनवर सांगायचं नाही. म्हणून मी फोनवर नाही सांगत, लिहिते.

आजोबांना ताप आहे. खूप दिवस. ते आतल्या खोलीत राहतात आणि दार उघडत नाहीत. मला म्हणाले हा खेळ आहे पण मला माहीत आहे की खेळ नाही. हंसाआंटी दारात जेवण ठेवतात. मी आजोबांचं ताट त्यांच्या दारापाशी ठेवते आणि पळते. मग ते घेतात. काल घेतलं नाही. चिठ्ठी टाकली तर खूप वेळाने आली आणि त्यात फक्त 'हो' होतं. मी 'हो किंवा नाही' असं काही विचारलंच नव्हतं.

ते खूप खोकतात. ऐकू येत नाही ना त्यांना, म्हणून त्यांना वाटतं मलापण ऐकू येत नाही.

मी रोज हात धुते.

हे मी टोपलीतून दोरीने खाली सोडणार आहे आणि बाबाजींना सांगणार आहे, आईलाच द्या.

सान्वी

*

हॉल, सिल्व्हर पार्क
२९ मे

अण्णा, दाराच्या अलीकडे मी आहे. अंबिका. दार वाजवून उपयोग नाही म्हणून हे सरकवतेय. सोबत ऑक्सिजन मोजायचं एक छोटं मशीन आहे. बोटाला लावा, अर्ध्या मिनिटाने वरचा मोठा आकडा लिहून बाहेर टाका.

—

तू का आलीस. मुली.

—

मुलींकडे डॉक्टर आहेत. तापाची वही वरच्या वर्गातल्या दोघींनी घेतलीय. मला चौदा दिवस परत जाता येणार नाही हे मला माहीत आहे. आकडा लिहा.

—

८६. मशीन बिघडलेलं आहे.

—

ते माझ्या बोटावर ९८ दाखवतं. ॲम्ब्युलन्स बोलावलीय.

—

सोसायटीत कळेल. मजला बंद करतील. सान्वीला एकटीला कुठेतरी नेतील. म्हणून गप्प होतो.

—

सोसायटीला मीच सांगितलंय. मजला बंद झालाय. सान्वी माझ्याजवळ आहे, कोणी कुठे नेत नाही. आम्हा तिघींचा, म्हणजे हंसाबेनचाही, स्वॅब उद्या आहे. तुम्ही ताप का लपवलात हे मी आता विचारणार नाही, पुढेही विचारणार नाही. फक्त दार उघडा, अण्णा.

*

सिल्व्हर पार्क
८ जून २०२०

ती. अण्णा,

वॉर्डातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या की तुम्ही आता उठून बसता आणि ऑक्सिजनचा मास्क काढून पाण्याबद्दल तक्रार करता. म्हणजे पत्र वाचू शकाल.

आमचे तिघींचे रिपोर्ट चांगले आले. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला, की आम्हाला आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, आता सांगितलंय ना. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडूनच इडल्या यायला लागल्या. हंसाबेन रडल्या. म्हणाल्या, "मैंने अंकल को प्रॉमिस किया था, कैसे बोलती?" मी त्यांना काही बोलले नाही. त्यांनी दहा दिवस माझ्या मुलीला जेवू घातलंय.

एक गोष्ट मनात घर करून बसलीय. तुम्हाला ताप वीस मेच्या आसपास आला असं सान्वी सांगते. त्याआधीच गोदूबाई आजारी पडल्या होत्या. बाबाजी त्यांचे भाऊ, आणि पत्रं बाबाजींच्याच हातून येत होती. माझ्याच पाकिटातून हे तुमच्यापर्यंत आलं असेल का? रोज जेवताना हा विचार येतो. गोदूबाईंना नेल्यावर रसिका चार दिवस झोपली नव्हती, ते का, हे मला आता कळतंय.

सान्वीने चित्र काढलंय. तो तुमचा पलंग आहे. शेजारी जिराफ नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे.

अंबिका

*

वॉर्ड, पलंग क्र. १४
१३ जून २०२०

चि. अंबिका,

इथे सगळे अंतराळातले वाटतात. ओठ तर सोडच, डोळेही दिसत नाहीत. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, तुला सांगायला हरकत नाही. कोण काय टोचतंय, कुठे नेतायत, काही कळायचं नाही. मग एका सिस्टरने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि जाड पेनाने लिहिलं, 'काका, मी नीलम. सुई टोचणार आहे. थोडं दुखेल.' मी तिला म्हटलं, बेटा, आता दुखलं तरी चालेल. तेव्हापासून माझ्या उशाशी पुठ्ठ्यांचा गठ्ठा आहे.

पाकिटाचं मनातून काढ. तुझं प्रत्येक पाकीट मी दोन दिवस उन्हात ठेवलं, तू एकच सांगितला होतास. मी दुधाच्या रांगेत उभा राहायचो, औषधाच्या दुकानात जायचो. बाबाजींचा तर रिपोर्टही चांगला आला होता ना? आणि पाकिटातूनच आलं असतं तरी मी तुला काय लिहिलं असतं ते तुला ठाऊक आहे. रसिकाबद्दल लिहिलं तेच.

आता माझं. तू विचारणार नाही म्हणालीस, म्हणून सांगतो. तुला ते मनोरमाचं पत्र लिहिलं तेव्हा माझ्या अंगात १०१ ताप होता. बत्तीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहून सांगितलं, लपवू नका. आणि पोरीला शपथ घातली. मला वाटलं होतं, माझी गोष्ट वेगळी आहे. मला नातीची काळजी आहे, सुनेला परत यावं लागू नये म्हणून मी करतोय. मग इथे पडल्या पडल्या लक्षात आलं, मनोरमालाही असंच वाटलं असेल, आणि तुझ्या रसिकालाही. प्रत्येकाची गोष्ट वेगळीच असते. तुला फसवलं, सान्वीला नको तेवढं ओझं दिलं. तुम्हा दोघींची माफी मागतो. हे मी पहिल्यांदा लिहितोय, त्यामुळे नीट जमलं नसेल.

बारा नंबरच्या गृहस्थांनी घरी सांगितलंय की ते पुण्याला कामात अडकलेत. मी त्यांना पुठ्ठ्यावर लिहून दिलं, 'आजच फोन करा.' ते दिवसभर रागावून पाठ करून झोपले. संध्याकाळी केला.

अण्णा

*

वसतिगृह
५ ऑगस्ट २०२०

ती. अण्णा,

येऊन आठवडा झाला. नीरज घरी पोहोचला, त्याचे हॉटेलातले विलगीकरणाचे दिवस संपले आणि तो तुमच्यापाशी आहे, म्हणून मी इकडे निर्धास्त आहे. तरी निघताना तुम्ही खाली सोडायला आलात आणि परत जिना चढताना दम लागलेला दाखवला नाहीत, ते मी पाहिलं.

आता एकोणीस मुली उरल्यात. बाकीच्या बसने गेल्या. बस रत्नागिरीला निघाली तेव्हा रसिकाचं नाव यादीत होतं, पण ती चढली नाही. म्हणाली, "मॅडम, गोदूमावशी आल्याशिवाय नको."

गोदूबाई सोमवारी आल्या. निम्म्या झाल्यात, पण पदर खोचून सरळ मेसमध्ये शिरल्या. अडचण एकच आहे, त्यांना वासच येत नाही. फोडणी जळाली तरी कळत नाही. पहिल्या दिवशी आमटी करपली तेव्हा त्या पिंपावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "आता माझा काय उपेग न्हाय." तेव्हापासून रसिका त्यांच्या शेजारी उभी असते. मास्क क्षणभर बाजूला करून वास घेते आणि सांगते, "मावशी, मोहरी तडतडली, जिरं टाका. मावशी, आता लसूण लाल झाला." त्या टाकतात. काल आमटी पहिल्यासारखी झाली होती. त्या दोघींमध्ये त्या चार दिवसांवरून काही बोलणं झालं का ते मला माहीत नाही.

दाराखाली आजही चिठ्ठ्या येतात. बहुतेक डोकेदुखीच्या.

तुम्ही कसे आहात? खरं लिहा.

अंबिका

*

सिल्व्हर पार्क
९ ऑगस्ट २०२०

चि. अंबिकाला आशीर्वाद,

खरं लिहितो.

सकाळी ऑक्सिजन ९६, चालून आल्यावर ९४. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. त्या दिवशीही थांबायला हवं होतं, पण तू बघत होतीस. गेल्या रविवारी दुपारी छातीत जरा जड वाटलं. नीरजला लगेच सांगितलं. तो घाबरला, डॉक्टरांना फोन केला, शेवटी गॅस निघाला. नीरजने वांग्याचं भरीत केलं होतं.

झोप बरी लागते. परवा मात्र वॉर्डाचं स्वप्न पडलं आणि नंतर बराच वेळ जागा होतो. सान्वीला ते कळलं. ती येऊन शेजारी झोपली. मी तिला सांगितलं, आजोबांना भीती वाटली होती. ती म्हणाली, "मग उठवायचं ना." म्हणजे काय म्हणाली ते मला तिने सकाळी लिहून दिलं.

आज डावा गुडघा थोडा दुखतोय. शिंक दोनदा आली, ताप नाही. बाकी काही असेल तर उद्याच्या पत्रात लिहीन, आणि काही नसेल तर तेही लिहीन.

तुझा
अण्णा